वनपंचायती, कुमाऊँमधील
कुमाऊँ व गढवाल (उत्तराखंड) या हिमालयीन प्रदेशांतील गावांच्या सामाईक जंगलांचा कारभार पाहणाऱ्या, ग्रामस्थांनी निवडलेल्या संस्था. शासनमान्य ग्रामसंस्थांकडून चाललेल्या वनव्यवस्थेचे भारतातील हे एक जुने उदाहरण होय.

गुरख्यांचा पराभव करून इंग्रजांनी १८१५ मध्ये कुमाऊँ घेतले. पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकडाची आणि टर्पेंटाइनसाठी चीड वृक्षाच्या राळेची मागणी वाढली, तसे सरकारचे लक्ष जंगलांकडे वळले. मोजणी न झालेली सर्व ‘बेनाप’ जमीन १८९३ मध्ये संरक्षित वन ठरली. १९११ ते १९१७ या काळात विस्तीर्ण क्षेत्र राखीव झाले. डोंगरी शेती ही जनावरांचा चारा, पालापाचोळ्याचे खत व सरपण यांवर उभी असल्याने चराई व फांद्यातोडीवरील निर्बंध तेथील कुटुंबांना, विशेषतः गवत-लाकूड आणणाऱ्या स्त्रियांना, जाचक झाले. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी वेठबिगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडविल्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात चीडची राखीव जंगले ठिकठिकाणी पेटली. सर्वच आगी लावलेल्या होत्या असे नाही. पण त्या विझविण्यास गावकरी पुढे येईनात, हे सरकारला अधिक बोचले.

आयुक्त पर्सी विंडम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तक्रार-समितीने व्यापारी दृष्ट्या कमी मोलाची वने वनखात्याकडून काढून घ्यावीत व ग्रामवनांची व्यवस्था लोकांवर सोपवावी, अशा शिफारशी केल्या. त्यांतून १९३१ चे वनपंचायत-नियम निघाले. पंच आपल्यातून सरपंच निवडीत. गवतकापणीचे दिवस व शुल्क ठरविणे, चोरट्या तोडीबद्दल दंड करणे व रखवालदार नेमणे ही त्यांची कामे. जमीन विकण्याचा वा वाटून घेण्याचा अधिकार मात्र नव्हता. देखरेख महसूल खात्याची असे.

या सर्वांत रखवालदाराचे वेतन हीच कळीची बाब ठरली. फार लहान गावांना तेवढी वर्गणी जमत नाही, म्हणून मध्यम आकाराच्या गावांच्या पंचायती राखणीत अधिक यशस्वी होतात, असा निष्कर्ष अरुण अग्रवाल व संजीव गोयल यांनी २००१ मध्ये मांडला. अशा स्थितीत पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाला किती महत्त्व आहे, हे उघड आहे. नेमके तेच १९७६ च्या नियमांनी आखडले. राळ व लाकूड यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जिल्हा परिषद व वनखाते यांच्याकडे वळला आणि उरलेला पैसा खर्चण्यासही अधिकाऱ्यांची अनुमती लागू लागली. जबाबदारी गावाची व तिजोरी दुसऱ्याची, अशी ही विषम वाटणी होती.

उत्तराखंड राज्याच्या निर्मितीनंतर (२०००) नियम २००१ व २००५ मध्ये पुन्हा बदलले. पंचायतींची संख्या सु. बारा हजारांवर गेली. परंतु त्यांतील अनेक, वरून आलेल्या उद्दिष्टांच्या पूर्तीसाठी स्थापन झाल्यामुळे, कागदोपत्रीच राहिल्या. जुन्या पंचायतींपैकी काहींची बांजाची (ओकची) राखलेली जंगले आजही गावालगत उभी आहेत.