घाटाने घडविलेले स्टेशन

वास्तुकला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घुमट, कमानी, नक्षीचे खांब उभे राहतात. बोरीबंदर पाहून आलेला माणूस गावात चार दिवस तेच सांगत बसतो. मी आज सांगणार आहे ते स्टेशन निराळे. त्याची थोरवी इमारतीत नव्हती, जागेच्या आखणीत होती. बोरघाटात खंडाळ्याच्या अलीकडे ते होते. नाव ‘रिव्हर्सिंग स्टेशन’.

घाटातील रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले. जेमतेम १६ मैलांत गाडीला १,८३१ फूट चढायचे होते. काही ठिकाणी तर ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर! बैलगाडी वळवायला किती जागा लागते ते तुम्हांला ठाऊकच आहे. आगगाडीला तिच्या कितीतरी पट लागते; आणि इथे एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले याने मग वळणाचा नादच सोडला. डोंगराच्या सोंडेवर जागा सपाट केली नि रूळ तिथेच संपविले. चढून आलेली गाडी तिथे थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे, आणि मघाचा शेवटचा डबा पहिला होऊन गाडी दुसऱ्या फाट्याने वर निघे. गुरुजी, फळ्यावर इंग्रजी ‘वाय’ काढा. एका हाताने येऊन खालच्या दांडीत शिरायचे, दुसऱ्या हाताने बाहेर पडायचे. थळ घाटातही हीच युक्ती केली होती.

बर्कले १८६२ साली वारला; घाट खुला झाला १८६३ साली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल तर १८५९ सालीच, इथे आल्यावर थोड्याच दिवसांत गेला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट तडीस नेले. बाईची हिंमत मोठी, यात शंका नाही. पण १८६१ साली या घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीच्या साथीत त्यांतले कितीतरी दगावले. सुरुंगाने फुटलेला दगड ज्यांनी डोक्यावर वाहिला, त्यांची नावे आपल्या क्रमिक पुस्तकांत शोधूनही सापडायची नाहीत.

१९२९ साली नवे बोगदे काढून मार्ग बदलला आणि हे स्टेशन बंद पडले. आता पुण्याची गाडी तोंड न फिरवता घाट चढते. चढ मात्र अजून तसाच आहे. म्हणून कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे ढकलायला जादा इंजिने लावतात.