टुरिंग मोटारसायकल : वाऱ्यापासून संरक्षण, आराम आणि हाताळणी

टुरिंग मोटारसायकल म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली किंवा तशा प्रवासासाठी सज्ज केलेली मोटारसायकल होय. अशा वाहनात चालकाचे वाऱ्यापासून संरक्षण, बैठकीचा आराम आणि रस्त्यावरील हाताळणी या तीन बाबींना विशेष महत्त्व असते. या तिन्ही बाबी परस्परांवर अवलंबून आहेत. उंच काच बसवल्याने छातीवरील वाऱ्याचा दाब घटतो, परंतु आडव्या वाऱ्यात वाहन अधिक ढकलले जाते. मागे मोठी पेटी लावल्याने सामानाची सोय होते, परंतु पुढील चाकावरील भार कमी होतो. त्यामुळे कोणताही एक बदल करताना उरलेल्या दोन बाबींवर होणारा परिणाम तपासावा लागतो. वाहन कोणत्या हवामानात आणि कोणत्या रस्त्यांवर चालणार आहे, यावरही योग्य बदलांची निवड अवलंबून असते. या लेखात विदर्भातील, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर परिसरातील परिस्थिती उदाहरण म्हणून घेतली आहे.

इतिहास

मोटारसायकलला वातावरण बसवण्याचे प्रयत्न प्रथम शर्यतींच्या क्षेत्रात झाले. इटलीतील मोटो गुझी कंपनीने १९५० मध्ये मांदेल्लो देल लारिओ येथे स्वतःचा वातबोगदा उभारला. त्या दशकात पुढचे चाक पूर्णपणे झाकणारी आवरणे प्रचलित झाली. त्यांच्यामुळे वेग वाढला, परंतु आडव्या वाऱ्यात वाहन सावरणे कठीण होऊ लागले. १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने शर्यतींमध्ये अशा आवरणांवर बंदी घातली. वाऱ्यापासून मिळणारे संरक्षण आणि स्थैर्य यांत समतोल साधावा लागतो, हे यातून स्पष्ट झाले.

रस्त्यावरील वाहनांच्या बाबतीत बीएमडब्ल्यू कंपनीच्या आर ९० एस (१९७३) या मोटारसायकलला कारखान्यातूनच हँडलजवळील लहान आवरण मिळाले. १९७६ च्या आर १०० आरएस या मोटारसायकलचे पूर्ण आवरण वातबोगद्यातील चाचण्यांमधून विकसित करण्यात आले होते. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांची विंडजॅमर ही स्वतंत्रपणे बसवता येणारी आवरणे १९७० च्या दशकात लोकप्रिय झाली. १९८० मध्ये होंडाने गोल्ड विंग मालिकेत कारखान्यातूनच आवरण व पेट्या बसवलेली आवृत्ती आणली.

भारतात दीर्घकाळ मोटारसायकली आवरणाविना मिळत. हीरो होंडाची करिझ्मा (२००३) आणि बजाजची पल्सर २२० (२००७) या गाड्यांमुळे अर्धे आवरण सामान्य ग्राहकांच्या परिचयाचे झाले. रॉयल एनफिल्डची हिमालयन (२०१६) उभ्या काचेसह आली. पुणे येथील बजाज ऑटो कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये डोमिनार ४०० या मोटारसायकलला उंच वायझर, हँडगार्ड, लेगगार्ड, सामानाचा कॅरिअर आणि मागील प्रवाशासाठी पाठटेकू हे साहित्य कारखान्यातूनच बसवून देण्यास सुरुवात केली.

हवेचा प्रतिरोध

हवेचा प्रतिरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ६० किमीवरून ८० किमीवर नेल्यास प्रतिरोध सुमारे १.८ पट, तर लागणारी शक्ती सुमारे २.४ पट होते. सरळ बसलेल्या चालकासह मोटारसायकलचे परिणामी प्रतिरोध-क्षेत्र ०.६ चौरस मीटर आणि हवेची घनता दर घनमीटरला १.१ किलोग्रॅम मानल्यास ताशी ६० किमी वेगाला सुमारे ९० न्यूटन, ८० किमीला सुमारे १६० न्यूटन आणि १०० किमीला सुमारे २५५ न्यूटन प्रतिरोध येतो. आवरण नसल्यास या दाबाचा मोठा भाग चालकाच्या छातीवर आणि शिरस्त्राणावर पडतो. तो पेलण्यासाठी चालक नकळत हँडल धरून स्वतःला पुढे ओढत राहतो. त्यामुळे मान, खांदे व मनगटे थकतात आणि हँडलवर अनावश्यक ताण येऊन वाहनाची दिशाही अस्थिर होऊ शकते.

वाऱ्याचा आवाज हा दुसरा महत्त्वाचा परिणाम आहे. ताशी ८० किमीच्या आसपास शिरस्त्राणाच्या आतील आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. इतक्या आवाजात रोज अनेक तास राहिल्यास श्रवणशक्तीला कायमची हानी पोहोचण्याचा धोका असतो. कानात घालण्याच्या मऊ बोळ्यांनी हा आवाज बराच कमी होतो.

वातरोधक काच

विंडशील्ड किंवा वायझर या नावाने ओळखली जाणारी काच वाऱ्याचा झोत चालकाच्या शरीरावरून वर व बाजूला वळवते. तिच्या मागे तुलनेने शांत हवेचा कप्पा तयार होतो. या कप्प्याच्या कडेला हवा भोवऱ्यांच्या स्वरूपात वाहते. ही कड शिरस्त्राणाच्या मध्यावर आली तर डोके सतत हादरते, आवाज वाढतो आणि नजर स्थिर राहत नाही. अशा वेळी काच असण्यापेक्षा नसणे अधिक सुखाचे ठरते.

काचेची निवड करताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

उंची : काचेची वरची कड साधारणपणे चालकाच्या नाका-हनुवटीच्या पातळीवर असावी, म्हणजे रस्ता काचेतून न पाहता काचेवरून पाहता येतो. पावसात, धुळीत किंवा रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशात ओरखडे पडलेल्या काचेतून पाहणे धोकादायक असते.

कल व मोकळी जागा : काचेच्या खालून थोडी हवा आत येऊ दिल्यास मागील पोकळीतील कमी दाब भरून निघतो आणि भोवरे सौम्य होतात. अनेकदा काच उंच करण्यापेक्षा तिचा कल बदलणे किंवा खाली फट ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

जोडणीचे स्थान : सांगाड्याला जोडलेली काच हँडलवर भार टाकत नाही. हँडलला जोडलेल्या मोठ्या काचेवर पडणारा वाऱ्याचा दाब थेट सुकाणूवर येतो.

पदार्थ : पॉलिकार्बोनेट चिवट असते आणि सहसा फुटत नाही, परंतु पेट्रोल व इतर द्रावकांनी ते खराब होते. ॲक्रिलिक अधिक सुस्पष्ट, परंतु ठिसूळ असते. दोन्ही प्रकारच्या काचा कोरड्या फडक्याने न पुसता भरपूर पाण्याने धुवाव्या लागतात.

बैठक आणि आराम

चालकाची बैठक हँडल, सीट व पायटेकू या तीन बिंदूंनी ठरते. हँडल फार पुढे असल्यास शरीराचा भार मनगटांवर येतो. पायटेकू फार उंच असल्यास गुडघे अधिक दुमडतात. दीर्घ प्रवासात पाठ किंचित पुढे कललेली, कोपर थोडे वाकलेले आणि खांदे सैल अशी बैठक योग्य मानली जाते.

सीट अतिशय मऊ असल्यास सुरुवातीला सुखद वाटते, परंतु काही वेळाने फोम पूर्ण दबतो आणि बैठकीच्या हाडांवर ताण एकवटतो. त्यामुळे घट्ट फोमची, मागील बाजूस रुंद आणि पुढे न उतरणारी सीट अधिक उपयुक्त असते. उंची वाढवल्यास दोन्ही पाय जमिनीवर टेकतात की नाही, हे पाहणे आवश्यक असते. हँडलच्या टोकांना बसवलेली वजने इंजिनच्या कंपनांची तीव्रता कमी करतात व बोटे बधिर होण्याचे प्रमाण घटते.

भार, निलंबन व टायर

सामान ठेवण्याचा मूलभूत नियम म्हणजे जड वस्तू खाली आणि वाहनाच्या मध्याजवळ ठेवणे. दोन्ही बाजूंच्या पेट्यांतील वजन समान असावे. मागील चाकाच्या आसामागे ठेवलेले वजन तरफेप्रमाणे कार्य करते व पुढील चाकावरचा भार हलका करते. त्यामुळे वळण घेताना व ब्रेक दाबताना पुढील टायरची पकड कमी होते.

मागे प्रवासी किंवा सामान असताना शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण वाढवावा लागतो. चालक बसल्यावर निलंबन आपल्या एकूण हालचालीच्या सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतके खाली बसावे, असा सर्वसाधारण निकष आहे. मागची बाजू अधिक खाली बसल्यास दिव्याचा झोत वर जातो आणि सुकाणू हलके पडते. टायरमधील हवा उत्पादकाने दिलेल्या दाबानुसार व टायर थंड असताना मोजावी. टायरचे तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढल्यास दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. म्हणून उन्हात चाललेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा काढून टाकणे चुकीचे आहे.

कंप व अस्थिरता

मोटारसायकलमध्ये दोन प्रकारची आंदोलने प्रामुख्याने आढळतात. पहिल्या प्रकारात हँडल सेकंदाला सुमारे ४ ते १० वेळा जलद थरथरते. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण वाहन सेकंदाला सुमारे २ ते ४ वेळा डावी-उजवीकडे नागमोडी डोलते. मागील भाराचे आधिक्य, टायरमधील कमी दाब, झिजलेले टायर, सैल झालेला हँडलचा कोनसेट आणि हँडलला जोडलेली मोठी काच ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. नवी काच किंवा पेटी बसवल्यानंतर असा कंप जाणवू लागल्यास ती काढून पुन्हा चाचणी घेणे हा कारण शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. चालू वाहनात आंदोलन सुरू झाल्यास हँडल आवळून धरू नये किंवा एकदम ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडून वेग कमी होऊ द्यावा.

आडवा वारा ही स्वतंत्र समस्या आहे. ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या चालकावर ताशी ३० किमीचा आडवा वारा आल्यास हवा समोरून न येता सुमारे २१ अंशांच्या कोनातून येते. उंच काच व रुंद पेट्या यांमुळे या वाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळतो. मोठी मालमोटार जवळून जाताना तिच्या पुढील हवेचा दाब दुचाकीला प्रथम बाहेर ढकलतो आणि नंतर आत ओढतो.

संग्रामपूर परिसरातील परिस्थिती

संग्रामपूर तालुका बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले अंबाबरवा अभयारण्य या तालुक्यात आहे. जवळच शेगाव हे संत गजानन महाराजांचे तीर्थक्षेत्र असून तेथे दुचाकीने जाणाऱ्या भाविकांची संख्या मोठी असते. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे पूर्व-पश्चिम दीर्घ प्रवासासाठी दुचाकीस्वारांना मलकापूर, नांदुरा व खामगावमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते वापरावे लागतात.

येथील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून उष्ण असल्यास अंगावरून वाहणारा वारा शरीराला उष्णता देतो. थंडावा केवळ घाम वाळण्यातून मिळतो. कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर वाळतो, की चालकाला पाण्याची कमतरता जाणवण्याआधीच शरीर शुष्क होऊ लागते. म्हणून उन्हाळ्यात अंग उघडे ठेवण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे, हवा खेळती ठेवणारे जाकीट आणि आत ओलसर सुती कपडा हितकारक असतो. दुसरीकडे, थंड प्रदेशांसाठी बनवलेले पूर्ण आवरण व फार उंच काच येथे गैरसोयीची ठरू शकते, कारण इंजिनची उष्णता पायांजवळ कोंडते आणि घाम वाळण्यास पुरेशी हवा मिळत नाही. या हवामानात मध्यम उंचीची, काढता-घालता येणारी काच अधिक उपयोगी असते. हिवाळ्याच्या पहाटे मात्र तीच काच व हँडगार्ड बोटे गारठण्यापासून वाचवतात.

विदर्भात उन्हापासून बचावासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळण्याची पद्धत आहे. त्याचा जाड थर शिरस्त्राणाखाली आल्यास शिरस्त्राण घट्ट बसत नाही आणि लोंबते टोक मागील चाकात किंवा साखळीत अडकू शकते. त्यामुळे पातळ कापड वापरून टोके जाकिटात खोचणे आवश्यक असते.

पूर्णा खोऱ्यातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील रस्त्यांना त्यामुळे लाटांसारखे चढउतार येतात. अशा रस्त्यावर अतिकडक निलंबनामुळे चाक जमिनीपासून सुटते, तर अतिमऊ निलंबनामुळे भारलेली गाडी डोलत राहते. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरील चिकणमाती टायरच्या खाचांत आणि मडगार्डमध्ये भरते. मडगार्ड व टायर यांत पुरेसे अंतर नसल्यास चाक अडकू शकते. मान्सूनपूर्व काळातील सायंकाळच्या वादळी वाऱ्यात आणि कापसाच्या उंच भरलेल्या वाहनांजवळून जाताना वेग कमी ठेवणे हा कोणत्याही साहित्यापेक्षा परिणामकारक उपाय आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०२० मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार मोटारसायकलवरील सामानाच्या हलक्या पेटीची लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी व उंची ५०० मिमी यांहून अधिक नसावी. पेटी मागील प्रवाशाच्या जागेवर बसवल्यास दुसरी व्यक्ती नेता येत नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी विभाजित रस्त्यांवर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किमी, तर इतर रस्त्यांवर ६० किमी आहे. भारतीय मानक ४१५१ नुसार प्रमाणित शिरस्त्राण वापरणे बंधनकारक आहे.

हे सुद्धा पहा

मोटारसायकल
वायुगतिकी
शिरस्त्राण
संग्रामपूर तालुका
अंबाबरवा अभयारण्य