शकुनांची खतावणी

शकुन-अपशकुनांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मांजर आडवं गेलं की मी थांबतो, हे खरं आहे. पण ते मांजराला रस्ता नीट ओलांडता यावा म्हणून. पुढे दुसरं कुणी तरी ती अदृश्य रेघ ओलांडून जाईपर्यंत मी बुटाची नाडी बांधत बसतो. पायात चपला असल्या तरी बांधतो. शेवटी सुधारणावादी माणसाला सुद्धा बँकेत वेळेवर पोचायचं असतं आणि वाटेत विघ्न नको असतं.

आमच्या शाखेच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची लागते. चोरांसाठी अलार्म आहे, आगीसाठी भिंतीवर लाल नळकांडं आहे आणि उरलेल्या सगळ्यासाठी लिंबू-मिरची आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस, कुठल्याही खर्चामागचं कारण विचारायची मला खोड. तेव्हा कळलं की लक्ष्मीला एक थोरली बहीण आहे, अलक्ष्मी. नाव घ्यायचीही भीती, म्हणून आपण तिला मानानं 'अक्काबाई' म्हणतो. 'अक्काबाईचा फेरा' आला म्हणतात तो हिचाच. तिला आंबट-तिखट आवडतं. ते दारातच मिळालं की ती खाऊन बाहेरच्या बाहेर जाते, आत येत नाही. पाहुण्यांना परस्पर वाटेला लावण्याची इतकी स्वस्त युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

लग्नसराईत तर आमच्या काउंटरवर सुट्या रुपयांसाठी झुंबड उडते. आहेराच्या पाकिटात शंभर चालत नाहीत, एकशे एक लागतात. शून्य म्हणजे खातं संपलं; वरचा एक रुपया म्हणजे व्यवहार पुढे चालू, असं जुनी माणसं सांगतात. देवाचा हिशेब सव्वाचा. सव्वा रुपया म्हणजे पूर्वीचे वीस आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले, तरी देवाचा सव्वा टिकला. चार आण्यांच्या जागी पंचवीस पैसे आले. पण जून २०११ अखेर पंचवीस पैशांचं नाणंच चलनातून गेलं आणि राज्यातले सगळे सव्वा रुपयाचे नवस एका दिवसात थकबाकीत निघाले! आता देवळाबाहेर मोबाइल रोखला की बरोब्बर सव्वा रुपया जातो. संगणकयुगाने श्रद्धेची केलेली एवढी मोठी सोय कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

तर या शकुन खात्यातली पहिली नोंद कुठली, हे शोधत मी मागे मागे गेलो आणि थेट झाडावर पोचलो. कारण 'शकुन' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच पक्षी! ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली शेवटची दोन सूक्तं चक्क एका पक्ष्याला उद्देशून आहेत. बाबा रे, शुभ बोल, अशी त्याला विनवणी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त कावळा, कुत्रा, कोल्ही यांना प्रकरणंच्या प्रकरणं दिली. खंजन, म्हणजे शेपटी हलवत फिरणारा आपला धोबी पक्षी, त्याचं दर्शन कुठे झालं तर काय फळ, हेही लिहून ठेवलं. तिकडे रोमन लोकांचं तेच. इंग्रजीतला शुभ या अर्थाचा 'ऑस्पिशस' हा शब्द ज्या लॅटिन शब्दांतून आला त्यांचा अर्थ 'पक्षी' आणि 'पाहणे'. म्हणजे दोन्हीकडची माणसं महत्त्वाच्या कामाला निघताना माना वर करून उभी होती. समोर बघत असती तर निम्मे अपशकुन टळले असते.

रोमन लोक तर लढाईवर जाताना जहाजावर पवित्र कोंबड्यांचे पिंजरे नेत. दाणे टाकायचे, कोंबड्यांनी चटचट खाल्ले तर शुभ. इ. स. पूर्व २४९ मध्ये पब्लियस क्लॉडियस पुल्चर हा रोमन सरदार सिसिलीच्या किनाऱ्यावर ड्रेपाना इथे कार्थेजच्या आरमारावर चालून गेला. कोंबड्या दाण्याला तोंड लावीनात. समुद्र लागला असेल बिचाऱ्यांना. हा भडकला. खायचं नसेल तर निदान पाणी तरी प्या, असं म्हणून त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या, अशी कथा आहे. लढाईत त्याची नव्वदहून अधिक जहाजं शत्रूने धरली. रोममध्ये त्याच्यावर खटला झाला, दंड झाला.

आता ही लढाई कोंबड्यांमुळे हरली काय? शत्रू बंदरातून निसटला, आणि पुल्चरची जहाजं बंदराच्या तोंडाशी एकमेकांत अडकून पडली, म्हणून हरली. पण दोन हजार वर्षं लोकांच्या लक्षात राहिल्या त्या कोंबड्या. भरपेट दाणे खाल्लेल्या कोंबड्या जवळ असूनही जे हरले असतील, त्यांची गोष्ट कोण सांगतो?

इथे मला माझा विषय सापडला. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात लुका पाचोली नावाच्या साधूने दुहेरी नोंद पद्धत नीट मांडून दिली. प्रत्येक जमेला नावे हवं, आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. शकुनांची वही मात्र अजूनही एकेरी नोंदीची आहे. मांजर आडवं गेलं आणि बस चुकली, की नोंद. मांजर आडवं गेलं आणि बस मिळाली, वर खिडकीची जागाही मिळाली, तर मांजराच्या नावावर कुणी दमडी जमा करत नाही.

शिवाय एकच रक्कम एका शाखेत जमेला आणि दुसऱ्या शाखेत नावे! आपण ज्याला पाहून थांबतो ते मांजर बंगालात षष्ठीदेवीचं वाहन आहे. साहेबाला तेराची इतकी धास्ती, की त्याच्या कित्येक हॉटेलांत बारानंतर एकदम चौदावा मजला येतो. आपल्याकडे तेरावा म्हणजे सुतकानंतरचं गोड जेवण; पण तेराव्याच तिथीला, धनत्रयोदशीला, आपण तिजोरीची पूजा करतो. अशी वही तपासनिसाच्या हाती पडली तर तो पहिल्या पानावरच चष्मा काढून ठेवील.

हा तपासनीस एकदा येऊन गेलाही आहे. सम्राट अशोक, इ. स. पूर्व तिसरं शतक. त्याच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा १९५६ मध्ये आपल्या नालासोपाऱ्याजवळच्या भुईगावात सापडला. या लेखात तो म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना मंगल विधी करतात. बायका तर क्षुद्र आणि निरर्थक असे पुष्कळच करतात. करा, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांना मान देणं, जिवांना न दुखवणं, दान करणं. एवढा शहाणा राजा, पण खर्च बायकांच्या खात्यावर टाकायचा मोह त्यालाही आवरला नाही! पुढच्या लोकांनी तर कमाल केली. त्यांनी बाईलाच अपशकुन करून टाकलं.

माझी आत्या १९७४ साली, पंचविशीत, एक ट्रंक घेऊन माहेरी आली ती कायमची. नवरा गेला होता. आमच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की आत्याला स्वयंपाकघरात काही तरी आठवायचं. दूध उतू जायचं. न तापवलेलं सुद्धा जायचं. तिला कुणी 'आत जा' म्हटल्याचं मला आठवत नाही. 'थांब' म्हटल्याचंही आठवत नाही.

२००२ साली माझी बँकेची परीक्षा होती. पहाटे चारला उठून आत्याने चहा केला, माझ्या शर्टाला इस्त्री केली. दह्याचं विरजण तिनेच रात्री लावलेलं. निघताना आईने माझ्या हातावर दही घातलं. ती वाटी स्वयंपाकघराच्या दाराआडून आली होती आणि वाटीमागे दोन बोटं मला दिसली. मी दही चाटलं आणि निघालो. बावीस वर्षांचा घोडा होतो मी, एक शब्द बोललो नाही. मला नोकरी लागली. आणि एकेरी वहीत आणखी एक नोंद पडली: आत्या आत गेली, पोराचं काम झालं. आज तेवीस वर्षं मी लोकांच्या नोंदी तपासतो आहे. त्या एका नोंदीवर मात्र सही माझीच आहे.

कायदा होताच. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. ही बातमी मी आत्याला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती.

"बरं केलं हो गावानं," ती म्हणाली. "पण ठराव स्वयंपाकघरापर्यंत येतो का रे?"

आला, दोन वर्षांनी आला. माझी मुलगी सी.ए.च्या पहिल्या परीक्षेला निघाली तेव्हा आत्याला नेहमीप्रमाणे दुधाची आठवण झाली. मुलगी मागोमाग आत गेली आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली. "आत्याआजी, दही तूच घालायचंस." आत्याचा हात असा कापत होता, की निम्मं दही फरशीवर सांडलं.

मुलगी सात मार्कांनी नापास झाली.

आत्या दोन दिवस नीट जेवली नाही. पन्नास वर्षांची वही तिने मनात उघडली असणार आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं असणार. मी दुहेरी नोंदीबद्दल बोलू लागलो, बायको म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." मग मुलगीच आत्याजवळ जाऊन बसली. "आत्याआजी, दही झकास होतं गं. ताळेबंद जुळला नाही, तो माझा."

परवा ती पुन्हा परीक्षेला गेली. दही आत्यानेच घातलं. या वेळी सांडलं नाही, उलट साखर जरा जास्त पडली. निकाल यायचाय. लागेल तो लागेल, नोंद या खेपेला मी दोन्ही बाजूंना करणार आहे.

मुलीला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. समोरून नेमकं मांजर गेलं, तेही काळं. मुलगी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेली. मी आपला सवयीने खाली वाकलो.

वरून, गॅलरीतून, आत्याचा आवाज आला, "अरे, चपला आहेत ना पायात? मग बांधतोस काय?"