मस्कतमधला खिरीचा सण

1989 च्या सप्टेंबरात सासूबाई अलिबागहून पहिल्यांदा मस्कतला आल्या. रोश हशाना चार दिवसांवर होता. सामान उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "इथे नवे तांदूळ कुठे मिळतात?" आम्ही म्हटलं, "तांदूळ मिळतात, पण नवे-जुने कोण बघतो? ते सगळे बाहेरून येतात." त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं काय असतं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रश्न खिरीच्या सणाचा होता. तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलंही नसेल, म्हणून आधी ते सांगतो.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यात आपल्या जुन्या सणांची कोकणातली नावं नोंदलेली आहेत. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. तिश्रीच्या चौथ्या दिवशी खिरीचा सण. किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम हा होळीचा सण. पेसाह हा अनाशी ढाकायचा सण, म्हणजे आंबट चटणीचं भांडं झाकून ठेवायचा. आव महिन्यातली नववी तारीख म्हणजे बिरड्याचा सण. तू बिश्वात म्हणजे एलियाहू हन्नाबीचा उरूस.

या नावांकडे नीट पाहा. त्यातली निम्मी नावं स्वयंपाकघरातली आहेत. आपल्या पूर्वजांकडे छापील पंचांग नव्हतं, हिब्रू पोथ्याही नव्हत्या. आमचा तर्क असा की त्यांनी तारखा लक्षात ठेवल्या त्या वाडी आणि चूल यांच्या आधाराने. भादवा-अश्विनात हळवं भात कापायला येतं, तेव्हा नवा तांदूळ, नारळाचा रस आणि गूळ यांची खीर. खीर नारळाच्या रसाची, म्हणजे त्याच जेवणात मटण असलं तरी अडचण नाही. वाल माघ-फाल्गुनात निघतो आणि वाळवून ठेवला जातो. आव महिना येतो भर पावसात, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, ताजी मासळी नाही आणि नऊ दिवस मटणही वर्ज्य. मग घरात उरतो तो वाल. तो भिजवा, मोड आणा, सोला, नारळ घालून बिरडं करा. सण आणि हंगाम असे एकमेकांना धरून होते.

आता प्रश्न असा, की वाडी सुटली तर सणाचं काय होतं? तुम्ही लोद, अश्दोद, लंडन, टोरांटोला हा प्रश्न सोडवला असेल किंवा सोडून दिला असेल. आम्हाला तो ओमानमध्ये भेटला.

आम्ही 1986 ते 2001 मस्कतला होतो. नोकरी इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात. आडनावाच्या शेवटी 'कर' असल्यामुळे सगळे आम्हाला महाराष्ट्रीय समजत, आणि ते काही खोटं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मनुकांच्या सरबतावर किद्दुश होई, दार लावून. लपवायचं असं नव्हतं, पण सांगतही नव्हतो.

सासूबाई आल्या त्याच आठवड्यात वॉर्डातल्या एका ओमानी बाईंनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या गावी नेलं. गाव बिरकत अल मौझ, निझवाच्या वाटेवर, जबल अखदरच्या पायथ्याशी. तिथे सासूबाईंनी पहिल्यांदा फलज पाहिला. फलज म्हणजे डोंगराखालचं किंवा ओढ्यातलं पाणी उताराने गावापर्यंत आणणारा पाट. त्यात पंप नाही, मोटर नाही. ओमानात असे सुमारे 3,000 फलज आजही वाहतात. 2006 मध्ये युनेस्कोने त्यातले पाच जागतिक वारसा यादीत घेतले, आणि बिरकत अल मौझचा फलज अल खतमीन त्यातला एक.

पाटाचा क्रम ठरलेला. सगळ्यात वरच्या अंगाला प्यायचं पाणी भरायचं. त्याच्या खाली अंघोळ आणि धुणं, आणि शेवटी बागा. पाणी मापाने नाही, वेळेने वाटतात. वाट्याला 'अथर' म्हणतात, साधारण अर्ध्या तासाचा. दिवसा उन्हात रोवलेल्या काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर हा हिशेब चाले. पाणी कमी झालं की आधी खजुराची झाडं जगवायची, हंगामी पिकाचा वाफा त्या वर्षी कोरडा राहिला तरी चालेल.

बागेत सासूबाई उभ्याच राहिल्या. वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबं आणि केळी, आणि जमिनीवर शेळ्यांसाठी लसूणघास. "ही तर आपली वाडी," त्या म्हणाल्या. अष्टागरातल्या वाड्या अशाच. वर नारळ-पोफळी, खाली केळी, आणि विहिरीवर रहाट. बतिना किनाऱ्यावर तर पूर्वी बैल जोडून विहिरीतून पाणी ओढत, आपल्या मोटेसारखंच. आंब्याला ओमानी माणूस 'अंबा' म्हणतो आणि नारळाला 'नारजील'. हे शब्द आपल्या बाजूने गलबतातून तिकडे गेलेले आहेत.

आणि ही ये-जा फार जुनी आहे. अरब प्रवासी अल मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल, रेवदंड्याला लागून, जिथून आपल्यातले चेऊलकर आले. तिथे ओमान, सिराफ, बसरा, बगदाद इथून येऊन राहिलेले हजारो लोक त्याने पाहिले. त्याच सुमाराच्या एका अरबी दर्यावर्दी ग्रंथात ओमानच्या इस्हाक बिन यहूदा नावाच्या यहुदी व्यापाऱ्याची गोष्ट आहे. तो थोडक्या भांडवलावर पूर्वेला गेला आणि बऱ्याच वर्षांनी जहाजभर माल घेऊन ओमानला परतला. पुढे 1835 मध्ये ओमान फिरलेल्या वेलस्टेड या आरमारी अधिकाऱ्याने मस्कतमधल्या थोड्या यहुद्यांची नोंद केली. दाऊद पाशाच्या जुलमामुळे ते 1828 मध्ये बगदादहून पळाले होते. त्याच पाशाच्या जाचाने डेव्हिड ससूनही बगदाद सोडून बुशेरमार्गे 1832 मध्ये मुंबईला आले. म्हणजे भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि मस्कतची ती विसरलेली घरं एकाच संकटातून उभी राहिली. सासूबाईंना आम्ही हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण त्यांना खीर माहीत नव्हती."

अखेर खीर झाली. तांदूळ दुकानातला, कुठल्या वर्षीचा कोण जाणे. नारळ सलालाहचा. सलालाह मस्कतपासून हजारेक किलोमीटर दक्षिणेला आहे. आपल्याच मोसमी वाऱ्याची एक बाजू जून ते सप्टेंबर तिथल्या डोंगरांना भिजवते, त्याला तिकडे खरीफ म्हणतात. म्हणून तिथे नारळ, केळी, पपई होतात, आणि उरलेल्या ओमानात खजूर. गुळाऐवजी त्या बाईंनी दिलेला खजुराचा पाक घातला, त्याला 'दिब्स' म्हणतात. जुन्या किल्ल्यांत त्याच्या खास खोल्या असत. खजुराची पोती एकावर एक रचायची, त्यांच्याच वजनाने पाक निथळून जमिनीतल्या पन्हळीतून रांजणात जमे. तोराहमध्ये दूध आणि मध वाहणाऱ्या देशाचा जो मध आहे, तो खजुराचाच असं पुष्कळ जाणकार मानतात. आपण पेसाहला खजूर उकळून पाक करतो, तो याचाच भाऊ. वर जबल अखदरचं डाळिंब सोलून घातलं. तिथल्या डाळिंबांचा हंगाम नेमका तिश्रीच्या सुमाराला असतो.

सगळ्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. सासूबाईंनीही खाल्ली. मग म्हणाल्या, "खीर झाली. सण नाही झाला."

आम्हाला राग आला. आम्ही म्हणालो की डाळिंब नवं आहे, पाक याच वर्षीच्या खजुराचा आहे, म्हणजे इथल्या जमिनीने आज जे नवं दिलं ते आपण देवापुढे ठेवलं, आणखी काय हवं? त्या म्हणाल्या, "ते त्यांचं नवं. आपण पेरलं नाही, पाणी घातलं नाही. दुसऱ्याच्या घरून आणलेल्या नव्याचा सण करतात का?"

या बोलण्यावर तेव्हा उत्तर सुचलं नाही.

पुढच्या वर्षापासून आम्ही अंगणात पेरायला लागलो. पहिली चूक अशी केली की कोकणातलं डोकं वापरून मृगाची वाट पाहिली, मग ती फारच लांब वाटली म्हणून मार्चमध्येच वाल लावला. मेपर्यंत सगळा जळाला. तिथे शेताचं वर्ष उलटं चालतं. पेरायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, थंडीत खायचं आणि उन्हाळ्यात जमीन झाकून गप्प बसायचं. दुसरी चूक पाण्याची. घरमालकाच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. बतिना किनाऱ्यावर पंपांनी इतका उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरलं, तीच तऱ्हा आमच्या विहिरीची होती. पानांच्या कडा करपल्या. मग आम्ही भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून तेच घालू लागलो. नळाचं पाणी गोड, पण ते समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या घुब्राच्या कारखान्यातून येई. 1976 पासून मस्कत त्याच्यावर जगत होतं. त्यामुळे ते झाडाला ओतायला हात होत नसे.

तिसऱ्या वर्षी वाल आला. कढीपत्ता आणि शेवगा तर मागे लागल्यासारखे वाढले. थंडीत कोथिंबीर, मेथी, मुळा. घरच्या वालाचं बिरडं आव महिन्यात झालं, तेही सहज नाही. त्या उकाड्यात फडक्यात बांधलेल्या वालाला मोड येण्याआधी आंबूस वास यायचा. दर चार तासांनी पाण्यातून काढून पुन्हा बांधायचा, म्हणजे वॉर्डातल्या पाळीसारखंच झालं.

सुक्काह मात्र ओमानात सोपा. खजुराच्या झावळ्या हव्या तेवढ्या. गच्चीवर चार खांब उभे करून झावळ्या घातल्या, तर शेजारच्या आजोबांनी विचारलं, "उन्हाळा संपल्यावर अरीश कशाला?" अरीश म्हणजे त्यांच्याकडची उन्हाळ्यातली झावळ्यांची झोपडी. आम्ही म्हटलं, आमच्याकडे आठवडाभर अशात बसून जेवायची रीत आहे. त्यांनी "मा शा अल्लाह" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी खजुराचा घड पाठवला.

बाळंतिणींच्या वॉर्डात आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. ओमानी आई आपल्या लेकीला बाळंतपणानंतर चाळीस दिवस मेथी, तूप, मध, खजूर देते. आपण मेथीचे लाडू आणि खारीक-खोबरं देतो. ती खारीकही ओमानशी बांधलेली. मबसली जातीचा खजूर पिवळा आणि कडक असताना उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. बिदिया भागात उन्हाळ्यात ही 'तबसील' चालते, आणि तो माल पिढ्यान् पिढ्या हिंदुस्थानात येत आला. मांडवी-मस्जिद बंदरच्या दुकानातून आपल्या आज्यांनी जी खारीक आणली, तिच्यातली किती ओमानी उन्हात वाळली असेल!

1994 च्या डिसेंबरात इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन मस्कतला आले. दोन वर्षांनी, 1996 मध्ये, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या संशोधनासाठी मस्कतला एक केंद्र निघालं, आणि त्यात ओमानबरोबर इस्रायलही सभासद झालं. राजकारण आम्हाला कळत नाही. पण भांडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवायला पाणीच कामी आलं, हे बिरकत अल मौझचा पाट पाहिलेल्या माणसाला नवल वाटू नये. त्या वर्षी किद्दुशला आम्ही दार ओढून घेतलं, कडी लावली नाही.

सासूबाई दर वर्षी ऑक्टोबरात कुणाबरोबर तरी पावशेर नवा तांदूळ पाठवत, कधी सणाआधी पोचायचा, कधी नंतर. 1998 मध्ये त्या गेल्या. आम्ही परत आलो तेव्हा वाडीच्या शेजारची भातखाचरं विकली गेली होती आणि तिथे शनिवार-रविवारचे बंगले उभे होते. अलिबागेतही नवा तांदूळ आता वाण्याला सांगून ठेवावा लागतो. म्हणजे सासूबाईंचा प्रश्न मस्कतचा नव्हताच, तो आपल्या सगळ्यांचा होता.

त्यांचं बोलणं आम्हाला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. ज्याच्याकडे माती नाही, त्याने सण करू नये असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या एका बाबतीत बरोबर होत्या. स्वतः लावलेल्या मूठभर वालाचं बिरडं ज्या वर्षी झालं, त्या वर्षी मुलांनी विचारलं की आज हे का खायचं, आणि आम्ही सांगितलं. विकतच्या वालावर त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ठाण्याच्या गॅलरीत सध्या आमच्या तीन कुंड्या आहेत. दोन वालाच्या, एक कढीपत्त्याची. तुमच्याकडे तिश्रीत जमीन काय नवं देते? इस्रायलमध्ये डाळिंब, इंग्लंडात सफरचंद, आणि ऑस्ट्रेलियात तर तेव्हा वसंत. खीर नारळाच्या रसाचीच करा, पण वरती तुमच्या हाताने लावलेलं एक काहीतरी घाला. काय घातलं ते आम्हाला कळवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यावर काय म्हटलं, तेही लिहा.