मॉक टेस्टमध्ये ३०० पैकी ११८ आले आणि एफएमजीई १८ दिवसांवर आहे, आता करायचं काय?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. पाच तासांची ग्रँड टेस्ट संपते, 'सबमिट'वर क्लिक होतं आणि स्क्रीनवर आकडा झळकतो, ३०० पैकी ११८. पासिंग १५० ला आहे. खऱ्या परीक्षेला १८ दिवस उरलेत.

पहिला विचार येतो, या वेळी फॉर्म भरायलाच नको होता. दुसरा येतो, घरी काय सांगू?

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या मुलामुलींच्या रूमवर हा सीन वर्षातून दोनदा घडतो. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, फिलिपिन्स अशा देशांमध्ये शिकायला गेलेल्यांत महाराष्ट्रातली मुलंही मोठ्या संख्येने असतात. अनेकांच्या घरी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं. गावात 'डॉक्टर' म्हणून हाक मारायलाही सुरुवात झालेली असते. फक्त भारतात पेशंट तपासायचा परवाना अजून हातात नसतो आणि तो मिळण्याआधी ही एक परीक्षा आडवी उभी असते.

आधी परीक्षा समजून घेऊ

एफएमजीई म्हणजे फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन. २००२ च्या नियमांनुसार सुरू झालेली ही स्क्रीनिंग टेस्ट, एनबीईएमएस म्हणजेच राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ घेतं. ३०० प्रश्न, दोन भाग, प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. म्हणजे सरासरी एका प्रश्नाला एक मिनिट. निगेटिव्ह मार्किंग नाही. १५० मिळाले की पास. त्यानंतर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, नोंदणीची आणि इंटर्नशिपची वाट मोकळी होते.

निकालाचं चित्र फारसं गुलाबी नाही. जून २०२४ च्या परीक्षेत बसलेल्यांपैकी साधारण २१ टक्केच पास झाले होते. म्हणजे पाचातले जवळजवळ चार नापास.

पण ही परीक्षा नीट पीजीसारखी नाही. इथे रँकसाठी स्पर्धा नाही, सीटसाठी मारामारी नाही. १५० वाला आणि २५० वाला दोघंही सारखेच पास. तुम्हाला निम्मा पेपर बरोबर सोडवायचा आहे, बस. खराब मॉकनंतरचं सगळं प्लॅनिंग या एका गोष्टीवर उभं राहतं आणि टेन्शनमध्ये नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

११८ म्हणजे नेमकं किती येतं?

थोडं गणित करू. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत. समजा एकही प्रश्न येत नाही आणि तुम्ही सगळे ३०० अंदाजपंचे सोडवले, तरी सरासरी ७५ मार्क पडतात. म्हणजे या परीक्षेत खरा शून्य ७५ च्या आसपास आहे.

आता ११८ कडे बघा. साधारण ५७ प्रश्न पक्के येत असतील आणि उरलेल्या २४३ वर तुक्के मारले असतील, तर त्यातले एक चतुर्थांश, म्हणजे ६० ते ६१ बरोबर येतात. बेरीज ११८ च्या जवळ जाते. पास व्हायला याच हिशेबाने १०० प्रश्न पक्के यायला हवेत, बाकी २०० वर तुक्क्यातून ५० मिळतात. ५७ वरून १०० म्हणजे ४३ प्रश्नांची दरी. १८ दिवसांसाठी हे कठीण वाटतं आणि आहेही.

पण खरा पेपर कुणी असा सोडवत नाही. 'येतं' आणि 'येत नाही' यांच्या मध्ये एक मोठा पट्टा असतो. दोन पर्याय चुकीचे आहेत हे कळतं, उरलेल्या दोघांत अडकायला होतं. असे ६० प्रश्न असतील तर त्यातून सरासरी ३० मार्क आधीच तुमच्या खात्यात आलेले असतात आणि ३० गेलेले असतात. हे गेलेले ३० मार्क सगळ्यात जवळचे. ११८ आणि १५० मधलं अंतर ३२ आहे, हे लक्षात घ्या. खऱ्या पेपरात हेच प्रश्न येणार नाहीत हे मान्य, पण टॉपिक फिरून फिरून तेच येतात.

अजून एक. ३०० प्रश्नांच्या पेपरात तयारी तेवढीच असताना निव्वळ योगायोगाने आठ-नऊ मार्कांचा चढउतार होऊ शकतो. मागच्या वेळी १२५ होते, आता ११८ आले म्हणजे 'मी मागे गेलो' असं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या टेस्टचे मार्क तर एकमेकांशी लावूच नका, प्रत्येकाची काठिण्यपातळी वेगळी असते.

त्या रात्री काय करू नये

टेलिग्रामवर जाऊन बाकीच्यांचे स्कोअर बघू नये. तिथे १९० वालाच मेसेज टाकतो, ११० वाला गप्प बसतो. नवीन नोट्स, नवीन क्रॅश कोर्स विकत घेऊ नये. आणि दुसऱ्या दिवशी लगेच दुसरी मॉक देऊ नये, ती फक्त ११८ वरचा राग काढायला दिली जाते. झोपावं.

सकाळी मात्र ती टेस्ट उघडायची

बहुतेक जण इथेच चुकतात. स्कोअर बघतात, दोन दिवस मूड घालवतात आणि टेस्ट पुन्हा उघडतच नाहीत. मॉकमधली कामाची गोष्ट स्कोअर नाही, चुकलेल्या १८२ प्रश्नांची यादी आहे.

एक वही घ्या आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करा. हे मी कधी वाचलंच नव्हतं. वाचलं होतं, पण आठवलं नाही. दोनात अडकलो आणि चुकीचं निवडलं. किंवा येत होतं, पण प्रश्न नीट वाचला नाही. बरोबर आलेल्यांमधले तुक्केही प्रामाणिकपणे वेगळे काढा, ते तुमचे मार्क नाहीत.

या कामाला दीड-दोन दिवस जातात. अठरातले दोन दिवस 'वाया' घालवतोय असं वाटेल. माझी एक मैत्रीण किर्गिझस्तानातून शिकून आली, तिने ही वही केली तेव्हा चौथ्या खुणेचे २१ प्रश्न निघाले. 'एक्सेप्ट' वाचायचं राहिलं, 'मोस्ट कॉमन'च्या जागी 'मोस्ट स्पेसिफिक'चं उत्तर दिलं, 'पुढची पायरी काय' विचारलं होतं आणि हिने अंतिम उपचार टिकवला. २१ मार्क, एकही नवीन पान न वाचता. तिचं म्हणणं होतं की हे कळल्यावर आधी हसू आलं, मग रडू.

तिसऱ्या खुणेच्या प्रश्नांना सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे उत्तर पाठ करून भागत नाही. आपण निवडलेला पर्याय का चुकीचा आहे आणि तो कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ठरला असता, हे एका ओळीत लिहा. पहिल्या खुणेतले, म्हणजे कधीच न वाचलेले टॉपिक, या टप्प्यावर बरेचसे सोडून द्यावे लागतात. मनाला पटत नाही, पण निम्माच पेपर हवा आहे.

उत्तर बदलावं की नाही, यावर हॉस्टेलमध्ये कायम वाद असतो. 'पहिलं मनात आलं तेच बरोबर' हा समज फार जुना आहे. या विषयावरचे अभ्यास मात्र उलटं सांगतात. बदललेल्या उत्तरांमध्ये चुकीचं होतं ते बरोबर झाल्याची उदाहरणं, बरोबर होतं ते चुकल्याच्या उदाहरणांपेक्षा जास्त सापडतात. बरोबर उत्तर बदलून चूक झाली की ते जास्त दिवस टोचतं, म्हणून तेच लक्षात राहतं. तेव्हा कारण सापडलं असेल तर बदला, नुसती धाकधूक होत असेल तर राहू द्या.

मार्क ठेवलेत कुठे?

विषयवार वाटणी ठरलेली आहे. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३० आणि कम्युनिटी मेडिसिन ३०. हे चार विषय मिळून १२५ मार्क होतात. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३. बालरोग, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५. फॉरेन्सिक १०. मानसोपचार, त्वचारोग, ऑर्थो, भूल, रेडिओलॉजी आणि रेडिओथेरपी प्रत्येकी ५.

शेवटच्या अठरा दिवसांत बायोकेमिस्ट्रीच्या सायकल्समध्ये तीन दिवस अडकणं म्हणजे १७ मार्कांच्या विषयातल्या दोन-तीन प्रश्नांसाठी सहावा हिस्सा वेळ देणं.

उलट कम्युनिटी मेडिसिन बघा. परदेशात शिकलेल्यांची इथे हमखास दांडी उडते, कारण हा विषय भारताचा आहे. जन्मल्यावर बीसीजी, हिपॅटायटिस-बी आणि पोलिओचा शून्य डोस, मग ६, १०, १४ आठवडे, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. राष्ट्रीय कार्यक्रम, आशा आणि अंगणवाडीची कामं, सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीची गणितं. तिकडच्या विद्यापीठात यातलं फार थोडं शिकवलं जातं. पण विषय आटोपशीर आहे, तीन-चार दिवसांत उजळणी होते आणि मार्क ३०.

फॉरेन्सिकमध्ये वेगळाच सापळा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ कलम आता १०३ आहे, निष्काळजीपणाने मृत्यूचं ३०४-अ आता १०६. सीनियरने दिलेल्या जुन्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून आयपीसीच असतं. दहातले एक-दोन मार्क असे फुकट जातात.

आणि सर्पदंश! भारतातले चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कोकणातल्या मुलाने फुरसं लहानपणी अंगणात पाहिलेलं असतं, पण पेपरात ते इंग्रजी नावाने आलं की ओळख पटत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, दंशाची खूण जवळपास दिसत नाही, पोट दुखतंय आणि पापण्या खाली येतायत, तर मण्यार. रक्त गोठत नाहीये, वीस मिनिटांची चाचणी पॉझिटिव्ह, तर घोणस किंवा फुरसं. असे प्रश्न आपल्या मातीतले आहेत. ते सोडू नका.

वाचायचं कमी, सोडवायचं जास्त

रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांचा २००६ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. नोट्सवर चौथ्यांदा पिवळा हायलायटर फिरवताना 'हे मला येतं' असं वाटतं, ते पहिल्या पाच मिनिटांतलं वाटणं असतं.

म्हणून सकाळी विषयाची उजळणी आणि संध्याकाळी त्याच विषयाचे ८०-१०० प्रश्न, घड्याळ लावून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहीतल्या जुन्या चुका पुन्हा, उत्तर झाकून. एक्स-रे, ईसीजी, त्वचेचे फोटो रोज थोडे तरी डोळ्यांखालून जाऊ द्या, चित्रांवरचे प्रश्न बरेच असतात. पुढची पूर्ण मॉक परीक्षेच्या साधारण आठवडाभर आधी, खऱ्या परीक्षेच्या वेळेतच. शेवटच्या तीन दिवसांत मॉक नको. तेव्हा कमी मार्क आले तर दुरुस्त करायला वेळ नसतो, फक्त झोप जाते.

की या वेळी सोडूनच द्यावी?

माझं मत विचाराल तर ११८ वर परीक्षा सोडू नये. निगेटिव्ह मार्किंग नाही, फी भरलेली आहे आणि नापास झाल्याने पुढच्या वेळचे मार्क कापले जात नाहीत. मॉकमध्ये ८०-८५ च येत असतील तर गोष्ट वेगळी. तो आकडा निव्वळ तुक्क्याच्या जवळचा आहे, म्हणजे अजून पहिलं वाचनच झालेलं नाही. तेव्हा पेपर अनुभव म्हणून द्यायचा की पुढच्या सत्रासाठी सहा महिने नीट लावायचे, हे घरच्यांशी बोलून ठरवा. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांनी एक हिशेब डोक्यात ठेवावा. त्यांना कोर्सला प्रवेश घेतल्यापासून १० वर्षांची मुदत आहे, त्यामुळे 'पुढच्या वेळी बघू' अनंत काळ चालत नाही.

घरी सांगायचं झालं तर आकडा सांगू नका, त्यातून फक्त रक्तदाब वाढतो. 'दोन विषय कच्चे निघाले, त्यावर काम चालू आहे, अठरा दिवस कुठल्याही कार्यक्रमाला बोलावू नका' एवढं पुरतं. आई-बाबा वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच, रोज संध्याकाळी 'कितपत झालं?' विचारू नका.

पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. भावी डॉक्टरने फोन करण्यात कमीपणा काही नाही.

परीक्षेच्या दिवशी पहिला भाग संपला की बाहेर घोळके होतात आणि 'त्या थायरॉइडच्या प्रश्नाचं काय टिकवलंस?' सुरू होतं. तिथे थांबू नका. त्या भागातलं काहीच आता बदलता येत नाही. डबा खा, पाणी प्या, दुसऱ्या भागात १५० नवे प्रश्न आहेत.