आडबंधी बहुवारिके आणि प्रकाश : एका कल्पनेचा इतिहास

‘प्लॅस्टिक’ या शब्दाचे मूळ ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. लिओ बेकलंड याने १९०७ साली सिद्ध केलेले बेकेलाइट, या कुलातील पहिले सर्वस्वी कृत्रिम अपत्य असूनही, त्या व्युत्पत्तीला एकदाच जागते. साच्यात तापून घट्ट झालेले बेकेलाइट पुन्हा तापविल्यास वितळत नाही. फार तापविल्यास करपते.

या हट्टीपणाचे कारण रबराच्या इतिहासात आधीच दडलेले होते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर स्थिर केले, तेव्हा लांब रेणुशृंखला गंधकाच्या आडबंधांनी एकमेकींशी जखडल्या गेल्या होत्या. हे अर्थातच त्याला ठाऊक नव्हते. इंग्लंडात टॉमस हॅनकॉक याने १८४३ साली त्याच क्रियेचे पेटंट मागितले आणि त्याचा मित्र विल्यम ब्रॉकडन याने रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून तिला नाव दिले. ज्वालामुखीत अग्नी व गंधक एकत्र नांदतात, त्यामुळे हे नामकरण समर्पकच म्हटले पाहिजे.

प्रकाश या क्षेत्रात आला तो प्रथम बांधणारा म्हणून. फ्रान्समध्ये नीएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास डांबरवर्गीय पदार्थाचा लेप दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटविले; उजेड पडला तेथे लेप घट्ट झाला, उरलेला लव्हेंडरच्या तेलाने धुऊन गेला. विसाव्या शतकाच्या मध्यास ईस्टमन कोडक कंपनीत लुई मिन्स्क व त्याचे सहकारी यांनी पॉलिव्हिनिल सिनॅमेट वापरून हेच तत्त्व नेमकेपणाने साधले. जंबुपार किरण शेजारच्या दोन सिनॅमेट गटांना चार कार्बन अणूंच्या वलयात गुंफतात. २००४ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी याच वलयाचा उलट उपयोग केला : तडा जाताना ते उकलते आणि प्रकाश पडताच पुन्हा जुळते. येथे बांधणारा प्रकाश प्रथमच सांधणारा झाला.

तथापि अखंड वस्तूचा आकार बदलणे हा प्रश्न वेगळा होता. आर्थर टोबोल्स्की याने १९४० नंतरच्या दशकात दाखविले होते की, ताणून धरलेल्या रबरातील काही बंध तापविल्यावर तुटतात वा अदलाबदल करतात, आणि ताण हळूहळू ओसरतो. रबर वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो दोषच. हा दोष हेतुपुरस्सर घडवून त्याला गुणाची प्रतिष्ठा देण्याचे काम २००५ साली कोलोरॅडो विद्यापीठातील टिमोथी स्कॉट, ख्रिस्तोफर बोमन व सहकारी यांनी ‘सायन्स’मधील निबंधात केले. त्यांनी जाळ्याच्या शृंखलांतच अ‍ॅलिल सल्फाइडचे गट ओवले. प्रकाशाने मुक्त मूलक निर्माण होतो. तो अशा गटाशी जोडला जातो, शृंखला तेथे तुटते आणि सुटलेला नवा मूलक दुसऱ्या गटाकडे वळतो. एक गाठ सुटते तेव्हा दुसरी बसलेली असते. बंधांची एकूण संख्या जवळजवळ तीच राहते, म्हणून पदार्थ न वितळताच नवा आकार स्वीकारतो. ताणलेल्या पट्टीच्या एकाच बाजूस प्रकाश दिला, तर त्या बाजूचा ताण ओसरतो आणि मोकळी सोडताच पट्टी वाकते. तप्त साच्याला हे साधणारे नव्हते. दिवा विझताच क्रिया थांबते व जाळे पूर्ववत् दृढ राहते. जुन्या उष्मादृढ पदार्थांवरचा ‘अपरिवर्तनीय’ हा शिक्का त्यामुळे पुसला गेला असे नाही. पण आडबंध आणि अपरिवर्तनीयता ही एकच गोष्ट नव्हे, एवढे सिद्ध झाले.

२००९ साली घोष व अर्बन यांनी कवचधारी प्राण्यांपासून मिळणारे कायटोसॅन पॉलियुरेथेनात गुंफले. त्यावरील ओरखडा जंबुपार प्रकाशात तासाभराच्या आत भरून येई, मात्र एका जागी एकदाच. २०११ साली पॅरिसमध्ये लुडविक लायब्लर याच्या गटाने उष्णतेच्याच मार्गाने बंध बदलणारी जाळी तयार केली आणि काचेच्या लॅटिन नावावरून त्यांना ‘व्हिट्रिमर’ म्हटले. प्रकाशाच्या मार्गातील अडचणी साध्या आहेत. मूलक निर्माण करणारे द्रव्य वापरागणिक संपत जाते, आणि जाड किंवा काळ्या वस्तूच्या आत किरण पोहोचत नाहीत. मोटारीचा टायर काजळीने काळा केलेला असतो. गुडइयरचे रबर म्हणूनच अद्याप या दिव्याच्या कक्षेबाहेर आहे.