प्रस्तरारोहण भिंत (कृत्रिम): ढाच्याची निवड

हौशी चढाईसाठी पकडी बसवून उभारलेला कृत्रिम कडा. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ साली एका इमारतीच्या मार्गिकेतील विटांच्या भिंतीत दगड बसवले. आधुनिक भिंतींची सुरुवात तेथून मानतात. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या, म्हणजे बुटक्या भिंतीवर दोराविना चढण्याच्या, विश्वचषक स्पर्धा झाल्या.

ढाचे मुख्यतः दोन. दोर लावून चढायची उंच भिंत (स्पर्धेतील वेगचढाईची भिंत १५ मीटर उंच आणि ५ अंश पुढे झुकलेली असते) आणि दोराविना, खाली जाड गाद्या अंथरून चढायची सुमारे ४ मीटरची बोल्डरिंग भिंत.

चांदूर रेल्वेसारख्या वऱ्हाडातील गावात ही निवड खेळाआधी जमीन करते; तोच पहिला निकष. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतलेला उंच लोखंडी सांगाडा कलण्याची भीती असते, आणि मोकळ्या मैदानात वाऱ्याचा रेटाही त्याच पायावर येतो. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले खोल खांब विकसित केले. ते साधारण ३.५ मीटर किंवा त्याहून खोल नेतात. या खांबांचा खर्च १५ मीटरच्या भिंतीला टळत नाही. शाळेच्या विटांच्या भिंतीला चढाईचे फलक टांगणे स्वस्त दिसते, पण पडणाऱ्याचा झटका विटांनी नव्हे, आरसीसी खांब-तुळयांनी झेलायचा असतो. त्यांची तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावीच लागते.

दुसरा निकष ऊन. मे महिन्यात पश्चिमेकडच्या भिंतीवरील पकडी दुपारनंतर हाताला सोसत नाहीत. उत्तरमुखी आणि पुढे झुकलेला पृष्ठभाग आपली सावली थोडीफार आपणच धरतो. छप्पर मात्र हवेच: गाद्यांचा फोम उन्हाने आणि पावसाने लवकर वाया जातो.

तिसरा निकष माणसांचा. दोर सांभाळणारा प्रशिक्षित साथीदार रोज मिळणार नसेल, तर उंच भिंत कुलूपबंद राहते. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या भागाला मल्लखांब परिचित आहे. जमिनीवर सुमारे २.६ मीटर उंच असलेल्या त्या खांबावरही शिकवणारा जवळ उभा असतो. बोल्डरिंगला हीच शिस्त पुरते, म्हणून छपराखालची बुटकी भिंत येथे अधिक योग्य. तिचे १८ मिलिमीटरचे जलरोधक प्लायवूड आणि पकडींचे बोल्ट पावसाळ्यानंतर तपासून घ्यावे लागतात. सैल पकड हातात फिरते आणि चढणारा बेसावध पडतो.